आधी मान पाहा

प्रस्तावना

हे पुस्तक करोनावर नाही. 2020 ते 2022 ही सालं दिसली की वाचक तोच विषय गृहीत धरतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. त्या काळात दुसरेही ताप येत होते. करोनाच्या गर्दीत त्यांची कुणी धड विचारपूस केली नाही. त्यांतल्या एका गटाबद्दल, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापांबद्दल हे लिखाण आहे. कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातल्या आशाताई, परिचारिका आणि आमच्यासारखे खाजगी दवाखानेवाले यांच्या दुपारच्या बैठकांमधून ते आकाराला आलं. बैठकांत पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न साधा होता : साथ चालू असताना आलेला प्रत्येक ताप साथीचाच असतो का? 'नाही' हे उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही हातून वागणं मात्र 'हो' असंच होत होतं. पुस्तक लिहायची गरज तिथे वाटली.

आधी आजार थोडक्यात सांगतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणं असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत नितळ पाणी खेळत असतं. या आवरणांना सूज आली की कडक ताप येतो, डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही आणि मान ताठरते. सूज खुद्द मेंदूत शिरली तर बडबड, झटके आणि बेशुद्धी. पहिल्याला डॉक्टर मेनिंजायटिस म्हणतात, दुसऱ्याला एन्सेफलायटिस. घरचे लोक दोन्हींना मेंदूज्वर म्हणतात किंवा 'ताप डोक्यात चढला' म्हणतात. दोन्ही पुष्कळदा हातात हात घालून येतात, त्यामुळे त्यांचं फारसं चुकत नाही. कारणं चार प्रकारची : जिवाणू, क्षयाचे जंतू, बुरशी आणि विषाणू. विषाणूंमध्ये सगळ्यात मोठा वाटा एंटेरोव्हायरसच्या कुळाचा. हे आतड्यात वाढतात आणि विष्ठेतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून पसरतात. पोलिओ याच कुळातला, एकोव्हायरस आणि कॉक्सॅकीही याच कुळातले. पोलिओ सोडला तर यांच्यामुळे होणारा मेनिंजायटिस सहसा सौम्य असतो. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल एवढ्यावर रुग्ण आठ-दहा दिवसांत उठून बसतो.

मग त्यावर पुस्तक कशाला, असं एका समवयस्क डॉक्टरांनी मला विचारलं. त्यांचं म्हणणं असं की जो आजार आपोआप बरा होतो त्याच्यावर कागद कशाला खर्च करायचा. माझं उत्तर : 'विषाणूजन्य' हा निष्कर्ष शेवटी काढायचा असतो, बाकीची तिन्ही कारणं पुसून झाल्यावर. महासाथीत तो सगळ्यात आधी काढला जातो. जो रुग्ण खरोखरच विषाणूजन्य निघतो तो वाचतो, आणि त्याच्या बरं होण्यामुळे पुढच्या रुग्णाच्या बाबतीत आपण आणखी बेफिकीर होतो.

कशेळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ठाण्यातल्या बाळकुमकडून निघून खाडीवरचा पूल उतरलं की हे गाव लागतं. कागदोपत्री भिवंडी तालुक्यातली ग्रामपंचायत, पण दिसायला ना गाव ना शहर. जुनं आगरी वस्तीचं गावठाण, त्याला खेटून टॉवर, त्यांच्या मागे गोडाऊनच्या रांगा, आणि गोडाऊनच्या आडोशाला एकेका खोलीत सात-आठ जण राहतील अशा भाड्याच्या चाळी. मुंबई-ठाण्याच्या घरांत पोचणारं कितीतरी सामान आधी या पट्ट्यात उतरतं. ते उतरवणारे हमाल, चढवणारे ड्रायव्हर, पॅकिंगला बसणाऱ्या बायका हे आमचे रुग्ण. पुढे भिवंडी शहरात शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट आणि तिथला कामगार. यांतला बराच भाग उत्तर प्रदेश, बिहारचा. दवाखान्यात तो दुखणं हिंदीत सांगतो आणि मुकादमाचा फोन आला की बाटली अर्धी राहिलेली असली तरी उठून जातो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि माग थांबले. मे महिन्याच्या सुरुवातीलाच भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. जे गेले ते गेले, जे उरले ते चाळीतच राहिले. शहरातलं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय करोनासाठी राखून ठेवलं गेलं. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचंही तेच झालं. हे निर्णय त्या वेळी गरजेचे होते, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण त्यामुळे दुसऱ्या तापाचा रुग्ण कुठे न्यायचा हा प्रश्न रोजचा झाला. रिक्षा मिळाली तरी पुलावर पोलीस, पूल ओलांडला तरी हॉस्पिटलच्या दारात आधी स्वॅब, आणि स्वॅबचा निकाल येईपर्यंत बाहेरचं बाकडं.

यापेक्षा खोल बदल तपासणीत झाला, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. त्या दोन वर्षांत आम्ही रुग्णाला हात लावणं सोडलं. टेंपरेचर गन कपाळासमोर धरायची, ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, सहा फुटांवरून चार प्रश्न विचारायचे. पुष्कळांनी तर फोनवरच गोळ्या सांगितल्या. श्वसनाच्या आजाराला हे कसंबसं पुरतं, कारण फुप्फुस किती बिघडलंय ते बोटावरचा आकडा सांगतो. मेनिंजायटिसचं तसं नाही. तो हातानेच सापडतो. रुग्णाला उताणं निजवून डोक्याखाली हात घालायचा आणि हनुवटी छातीला लागते का ते पाहायचं. मांडी पोटाकडे दुमडून गुडघा सरळ करताना तो कळवळतो का ते पाहायचं. तान्ह्या बाळाची मान ताठरेलच असं नाही, म्हणून टाळूवर बोट ठेवायचं : ती फुगून वर आली आहे का? यांतलं काहीही फोनवर होत नाही. ऑक्सिजन 98 दाखवणाऱ्या रुग्णाचा मेंदू सुजलेला असू शकतो, आणि त्या दिवसांत 98 हा आकडा म्हणजे 'घरी जा' असा परवाना होता.

करोनाचा विषाणू स्वतःही कधीकधी याच वाटेने गेला. 2020 च्या सुरुवातीला जपानमधल्या यामानाशी इथे 24 वर्षांच्या एका तरुणाला झटके आल्यामुळे रुग्णवाहिकेने आणलं. ताप आणि डोकेदुखी काही दिवसांपासून होतीच, मान ताठ होती. नाक-घशाच्या नमुन्यात विषाणू सापडला नाही. पाठीतून काढलेल्या पाण्यात सापडला. या विषाणूशी जोडलेल्या मेनिंजायटिसची ही पहिली प्रसिद्ध झालेली नोंद. असे रुग्ण जगभर थोडेच निघाले आणि विषाणू थेट पाठीतल्या पाण्यात सापडणं तर फारच विरळ. तरी धडा साधा होता : नाक निगेटिव्ह आलं म्हणून मान तपासायची राहू नये.

दोन साथी एकाच वेळी चालू असण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीजवळचे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि पाहता पाहता इन्फ्लुएंझा शहरभर झाला. दुसरी लाट पावसाळ्यानंतर आली. त्या लाटेत 6 ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत 768 माणसं दगावल्याची नोंद आहे. त्याच सुमारास युरोपात माणसांना दिवसचे दिवस झोपवून ठेवणारा मेंदूचा एक आजार पसरत होता. व्हिएन्नाच्या कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो यांनी 1917 मध्ये त्याचं वर्णन केलं. दोन्ही एकाच काळात आल्यामुळे कितीतरी वर्षं हा आजार इन्फ्लुएंझाचीच शेपूट मानला गेला. पण इकॉनोमो यांचे पहिले रुग्ण इन्फ्लुएंझाच्या मोठ्या लाटेच्या आधीचे आहेत, आणि पुढे जपून ठेवलेल्या मेंदूच्या नमुन्यांत त्या इन्फ्लुएंझाचा मागमूस लागला नाही. एका वेळी आलेल्या दोन गोष्टींना एकमेकांची कारणं ठरवण्याचा मोह किती जुना आहे, एवढ्यासाठी हे उदाहरण पहिल्या प्रकरणात घेतलं आहे.

1957 चं उदाहरण आमच्या विषयाच्या जास्त जवळचं. त्या वर्षी आशियाई फ्लू मे महिन्यात भारतात पोचला होता आणि वर्षअखेरपर्यंत जगभर फिरला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तापाची, अंगावरच्या पुरळाची आणि मेनिंजायटिसची साथ आली. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीमुळे ज्यांचं नाव पुढे घराघरांत गेलं त्या अल्बर्ट सेबिन यांनी सहकाऱ्यांसह तिचा पाठपुरावा केला. कारण निघालं एकोव्हायरस 9. शोधनिबंधाच्या नावातच त्यांनी नोंदवून ठेवलं की त्याच काळात कॉक्सॅकी आणि दुसरे एकोव्हायरस तसेच आजार घडवत होते. म्हणजे एका शहरात, एका मोसमात, वरवर सारख्या दिसणाऱ्या तापामागे अनेक विषाणू होते. ते वेगळे काढता आले, कारण कुणीतरी नमुने घेतले होते.

मात्र मला सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं ते 1971 च्या मुंबईपाशी. हाँगकाँग फ्लूची महासाथ नुकती ओसरली होती आणि शहरात डोळे येण्याची प्रचंड साथ पसरली. डोळे लाल होत, पापण्या सुजत, बुबुळाभोवती रक्त साकळे, आणि आठवड्याभरात सगळं आपोआप निवळे. घरटी कुणाला ना कुणाला डोळे आलेले, त्यामुळे त्याकडे आजार म्हणून पाहायलाही कुणाला सवड नव्हती. ही साथ 1969 मध्ये आफ्रिकेत घाना इथे सुरू झाली होती. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला, म्हणून तिथल्या लोकांनी तिला अपोलोचं नाव दिलं होतं. मुंबईत साथ भरात असताना जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांच्याकडे वेगळेच रुग्ण येऊ लागले. तरुण, धडधाकट माणसं. आधी कंबरेतून पायात जाणाऱ्या कळा, मग पाय लुळे पडलेले, एक जास्त, एक कमी. दिसायला पोलिओ, पण पोलिओ लहान मुलांचा आजार आणि ही तर कमावती माणसं. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या.

वाडिया यांनी त्यांना मागच्या महिन्याभराबद्दल विचारलं आणि उत्तर सारखं येत गेलं : डोळे आले होते, काही दिवसांपूर्वी किंवा काही आठवड्यांपूर्वी. हा धागा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 आणि 1973 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. डोळ्यांची साथ घडवणारा विषाणू एंटेरोव्हायरस 70 निघाला. हाही पोलिओच्या कुळातलाच. 1981 मध्ये मुंबईत डोळे पुन्हा आले तेव्हा पायही पुन्हा लुळे पडले, आणि या वेळी रक्ताच्या तपासण्यांनी संबंध आणखी पक्का केला.

ही साथ श्वसनाची नव्हती, मेनिंजायटिसचीही शुद्ध नव्हती. तरीही ती इथे येते, कारण कशेळीपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी, आपल्याच माणसांमध्ये घडलेली ही गोष्ट आहे. शहर डोळ्यांत गुंतलेलं असताना एका डॉक्टरांनी पाय पाहिले आणि मग डोळ्यांकडे परत गेले. यंत्रं त्या काळी आजच्या मानाने काहीच नव्हती. मागच्या चार-सहा आठवड्यांत काय झालं होतं, एवढा एक प्रश्न होता. पुस्तकाच्या शेवटी रुग्णाला विचारायच्या प्रश्नांचा जो कागद जोडला आहे, त्यात तो सगळ्यात वर ठेवायचा आग्रह माझा.

विदर्भातलं उदाहरण याच्या उलट्या दिशेचं आहे. 1965 मध्ये नागपुरात डेंगी आणि चिकुनगुन्याची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, रुग्णांचे रक्ताचे नमुने तपासले. शोधायचे होते ते विषाणू सापडलेच, शिवाय दोघांच्या रक्तात तिसराच एक मिळाला. ज्या वस्तीतून नमुने आले तिचं नाव त्याला पडलं : चांदीपुरा. भट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये तो जगापुढे ठेवला. पुढची साडेतीन दशकं त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. 2003 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यांतली 183 दगावली. त्या वर्षी विदर्भातही मुलं गेली. सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी बेशुद्ध, असा त्याचा वेग. विषाणू पसरवते वाळूमाशी, म्हणजे मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारा डासापेक्षाही बारका कीटक. 2024 च्या जून ते ऑगस्टमध्ये गुजरातेत आणि आसपास मेंदूज्वराचे 245 रुग्ण नोंदले गेले, 82 मृत्यू झाले, आणि 64 जणांत चांदीपुरा नक्की झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ही वीस वर्षांतली सर्वांत मोठी साथ ठरवली. कशेळीच्या सिमेंटच्या चाळीत वाळूमाशी हा पहिला संशय नसेल. पण आमच्याकडचा कामगार सणाला गावी जातो आणि मुलांना घेऊन परततो, तेव्हा कुठल्या गावाहून आलात हे विचारायला काय हरकत आहे?

आता एंटेरोव्हायरसचं करोनाकाळात काय झालं ते पाहू. टाळेबंदी, बंद शाळा, सतत धुतलेले हात यांमुळे 2020 मध्ये युरोपातल्या प्रयोगशाळांना हे विषाणू जवळजवळ दिसेनासे झाले. करोना थोपवण्यासाठी जे केलं त्यात हेही अडकले. पण त्यांचा प्रादुर्भाव थांबला याचा दुसरा अर्थ असा की दोन मोसमांत जन्मलेल्या मुलांची त्यांच्याशी गाठच पडली नाही, आणि आईच्या रक्तातून बाळाला मिळणारं संरक्षणही पातळ झालं. 2021 पासून निर्बंध सैल झाले तसे विषाणू परतले. फ्रान्समध्ये जुलै 2022 ते एप्रिल 2023 या काळात एकोव्हायरस 11 ने नऊ नवजात बाळांना गाठलं, त्यांतली सात वाचली नाहीत. तिथे विषाणूचं नवं रूपही आढळलं होतं, त्यामुळे सगळा दोष टाळेबंदीवर ढकलता येणार नाही. 'प्रतिकारशक्तीचं कर्ज' हा शब्द त्या काळात वर्तमानपत्रांत फार सैलपणे वापरला गेला, आणि काही लोकांनी तर त्याचा अर्थ 'हात धुऊच नका' असा लावला. तसं या पुस्तकात कुणीही म्हटलेलं नाही.

हे हिशेब युरोपला मांडता आले याचं कारण तिथे मेनिंजायटिसच्या रुग्णाचं पाठीतलं पाणी तपासलं जातं आणि विषाणूचा प्रकारही पाहिला जातो. आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षणाच्या तक्त्यात मेनिंजायटिसचा रकाना आहे, मेंदूज्वराचाही आहे, आणि 'कारण न कळलेला ताप' असाही एक आहे. खाजगी दवाखान्यातला रुग्ण या तक्त्यात सहसा पोचतच नाही. पोचला तर बहुधा तिसऱ्या रकान्यात. एखाद्या चाळीतल्या आठ-दहा मुलांना एका महिन्यात विषाणूजन्य मेनिंजायटिस होऊन गेला तरी कागदावर उमटेल तो फक्त ताप. शेजाऱ्यांच्या बोलण्यात मात्र 'या पावसाळ्यात सगळ्या पोरांची डोकी दुखत होती' एवढं नक्की येतं, आणि ते ऐकू येणारी एकमेव सरकारी व्यक्ती म्हणजे आशाताई. म्हणून तिसरं प्रकरण सर्वस्वी त्यांच्या शब्दांत ठेवलं आहे. त्यात वैद्यकीय संज्ञा घालण्याचा मोह आम्ही टाळला.

परळला हाफकिनच्या आवारात एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र होतं, ते पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र झालं. 2001 पासून मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधण्याचं काम सुरू झालं, देशात सगळ्यात आधी. ज्या पाण्यात पोलिओ शोधला जातो त्याच पाण्यात त्याची भावंडंही वाहत असतात. हे कौशल्य खाडीच्या पलीकडे, तासाभराच्या अंतरावर आहे. या पट्ट्यातली लोकसंख्या गेल्या वीस वर्षांत कुठल्या कुठे गेली, गटारं मात्र तेव्हाचीच, आणि पावसाळ्यात नळाचं पाणी व गटाराचं पाणी यांच्यात अंतर किती राहतं हे चाळीत राहणाऱ्याला विचारावं. आतड्यात वाढणाऱ्या विषाणूला याहून सोयीची जागा कोणती? अशा गावांचं सांडपाणी वर्षातून निदान पावसाळ्यात तपासावं ही मागणी या पुस्तकात केली आहे. ती खर्चिक नाही.

सगळ्यात जास्त पानं पाठीतल्या पाण्यावर खर्ची पडली आहेत, आणि तसंच व्हायला हवं होतं. 'मणक्यातून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' ही समजूत आमच्याकडे इतकी घट्ट आहे की नातेवाईक सही न करता रुग्ण उचलून नेतात. वस्तुस्थिती अशी की मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या खाली, जिथे फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात तिथे टोचतात. काढायचं असतं चमचाभर. शरीरात हे पाणी एकूण सुमारे दीडशे मिलिलिटर असतं आणि दिवसाकाठी त्याच्या तिपटीहून जास्त नव्याने तयार होतं. लुळं पाडतो तो आजार, आणि तो उशिरा कळल्यामुळे पाडतो. मेंदूत गाठ किंवा फार दाब असल्याची शंका असेल तर आधी स्कॅन करावा लागतो, हे खरं. ती खबरदारी सोडली तर ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होण्यासारखी आहे.

त्या चमचाभर पाण्यात काय दिसतं? जिवाणूंचा आजार असेल तर पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ, पू-पेशींनी भरलेलं, साखर जवळजवळ संपलेली. विषाणूंचा असेल तर नितळ, लिंफोसाइट पेशी वाढलेल्या, साखर जागच्या जागी. इथपर्यंत पाठ्यपुस्तक सोपं आहे. आपल्याकडची अडचण तिसऱ्या आजाराने केली आहे. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्येही पाणी बरंचसं नितळ असतं आणि त्यातही लिंफोसाइटच वाढतात. फरक साखरेत आणि प्रथिनांत असतो : साखर घटलेली, प्रथिनं चढलेली. म्हणून त्याच वेळी रक्तातली साखर मोजल्याशिवाय पाण्यातल्या साखरेला अर्थ नाही. घाईत नेमकी हीच तपासणी राहून जाते. आणखी एक फरक काळाचा आहे. विषाणूजन्य डोकेदुखी दोन-तीन दिवसांत शिगेला जाते आणि उतरू लागते. क्षयाची डोकेदुखी आठवडेच्या आठवडे रेंगाळते, भूक जाते, माणूस चिडचिडा होतो, मग एक दिवस डोळा तिरळा दिसतो किंवा माणूस झोपेतून उठत नाही. मागांच्या बंदिस्त खोल्यांत आणि आठ जणांच्या चाळीत क्षय किती आहे हे भिवंडीत काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

करोनाने या गोंधळात दोन गोष्टी ओतल्या. पहिली, प्रतिजैविकं. ताप आला की अझिथ्रोमायसिन, डॉक्सी, कुणी कुणी आयव्हरमेक्टिनही, आणि हे सगळं औषधाच्या दुकानातून थेट. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये दोन-चार दिवस अपुरी प्रतिजैविकं पोटात गेली की पाण्याचं रूप बदलतं, जंतू वाढवून पाहिले तर वाढत नाहीत आणि अहवाल विषाणूजन्य असल्यासारखा दिसू लागतो. दुसरी गोष्ट, स्टेरॉइड. योग्य रुग्णाला योग्य वेळी स्टेरॉइडने करोनात जीव वाचवले, आणि क्षयाच्या मेनिंजायटिसमध्येही क्षयाच्या औषधांच्या जोडीने ती देतात. पण सातव्या दिवशी ताप उतरत नाही म्हणून आंधळेपणाने दिलेल्या गोळ्यांनी ताप आणि डोकेदुखी दोन्ही दबतात, घरचे खूश होतात आणि खालचा क्षय मोकाट सुटतो. गोळ्या संपल्या की रुग्ण परत येतो, तो बहुधा खांद्यावर. आमच्या बैठकांत सगळ्यात कडू वाद याच मुद्द्यावर झाले. काहींचं म्हणणं होतं की त्या धामधुमीत दुसरं काय करणार होतो? मला ते पटत नाही. हनुवटी छातीला लावून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

लसींबद्दल थोडक्यात. टाळेबंदीत नियमित लसीकरण विस्कळीत झालं त्याची किंमत 2022 च्या हिवाळ्यात दिसली. मुंबईत गोवंडीत, मालेगावात आणि आमच्या भिवंडीत गोवर उसळला आणि मुलं दगावली. गोवर झालेल्या साधारण हजारात एका मुलाच्या मेंदूला सूज येते, आणि काही मुलांत वर्षांनंतर मेंदू हळूहळू निकामी करणारा आजार उद्भवतो. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली होती, तरी चार वर्षांत ही वेळ आली. गालगुंड हे विषाणूजन्य मेनिंजायटिसचं जुनं, ओळखीचं कारण. त्याची लस सरकारी वेळापत्रकात नाही, सरकारी टोचणीत गोवर-रुबेला आहेत, गालगुंड नाही. पैसे देऊन तिन्हींची एकत्र लस घेणारी मुलं टॉवरमध्ये, न घेणारी चाळीत, आणि शाळा दोघांची जवळजवळ. जपानी मेंदूज्वराची लस विदर्भातल्या काही जिल्ह्यांत दिली जाते. पेंटाव्हॅलंट लशीमुळे जिवाणूंच्या मेनिंजायटिसचं एक मोठं कारण, हिब, मागे हटलं आहे. आशाताईंच्या वहीत पेंटाव्हॅलंटच्या तिसऱ्या डोसापुढे बरोबरची खूण असेल तर तापलेल्या बाळाबद्दल विचार करताना तीही उपयोगी पडते, हे आमच्यापैकी फार थोड्यांना सुचलं होतं.

एका गोष्टीचा खुलासा. मेंदूला सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी एकावर उपयोगी औषध आहे : हर्पिसवर असायक्लोव्हिर, शिरेतून, आणि तेही संशय येताच. म्हणून 'विषाणूजन्य म्हणजे औषध नाही' हे वाक्य पुस्तकात कुठेही नाही. ताप, वागण्यात अचानक फरक, झटके असा रुग्ण असेल तर अहवालाची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात धाडायचा, हा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला आणि सहाव्या प्रकरणात तो ठळक अक्षरांत छापला आहे.

ज्यांना वेळ नाही त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याचा आग्रह धरू नये. दवाखानेवाल्यांनी क्षयाचं चौथं प्रकरण आधी वाचावं, आशाताईंनी तिसरं, आणि घरच्या माणसांना पाठीतल्या पाण्याबद्दलची चार पानं वाचून दाखवावीत. ती मुद्दाम मोठ्या टाइपात छापली आहेत, आणि शेजारी तीच हिंदीतही दिली आहेत, कारण आमच्याकडे सही करणारा माणूस बऱ्याचदा गोरखपूरकडचा असतो.